क्रिमिनल लॉ धरू की रेफ्युजी लॉ?

प्रश्न : ताई, मी सोलापूरला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे प्रोफेसर व्हायचंय. क्रिमिनल लॉ आवडतोच, पण मूट कोर्टसाठी, म्हणजे सरावाच्या खटल्यासाठी, निर्वासितांचा कायदा वाचला तेव्हापासून तोच डोक्यात बसलाय. सर म्हणतात, भारतात असा कायदाच नाही, शिकवणार काय? दोन्ही धरता येतील का?

उत्तर : अगं, सरांचं अर्धं खरं आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्याला जोडलेल्या १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. पण त्यामुळेच तर हे दोन विषय आपल्याकडे एकमेकांत अडकलेत, कारण व्हिसाशिवाय सापडलेला माणूस इथे आधी आरोपी असतो, निर्वासित वगैरे नंतर. आत्ताआत्तापर्यंत १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट होता, त्याच्या कलम १४ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होती; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. आणि करारातलं ३१ वं कलम काय म्हणतं, तर जिवाच्या भीतीने थेट आलेला माणूस उशीर न करता स्वतःहून हजर झाला आणि सबळ कारण दिलं तर नुसतं बेकायदा शिरला म्हणून त्याला शिक्षा करू नका.

त्याहून मजेशीर करारातलंच कलम १ एफ. युद्धगुन्हे केलेल्याला निर्वासिताचं संरक्षण नाही. आता एखादा माणूस सैन्याच्या छावणीत नुसता स्वयंपाकी होता, तर तो गुन्ह्यात सामील धरायचा का? हुकूम पाळला म्हणून सुटतो का? हे सोडवायला क्रिमिनल लॉ पक्का असलेलाच माणूस लागतो.

बी. एस. चिमणी यांचं करिअर बघ. जेएनयूत आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, मध्ये कोलकात्याच्या लॉ युनिव्हर्सिटीचे कुलगुरू होते, आणि १९९८ च्या लेखात त्यांनी ठणकावून मांडलं की पाश्चात्त्यांच्या डोळ्यासमोरचा 'नॉर्मल' निर्वासित म्हणजे गोरा, पुरुष आणि कम्युनिस्टविरोधी. भारतात बसून लिहिलेलं हे आज जगभर वाचतात. करारावर सही नसलेल्या देशात राहून!

पोटापाण्याचं म्हणशील तर एलएलएम क्रिमिनलमध्ये कर, नेट काढ. जाहिराती क्रिमिनलच्याच जास्त निघतात, रेफ्युजी लॉ मिळालाच तर इलेक्टिव्ह म्हणून, तोही पाचसहा पोरांना. पीएचडी मात्र या दोन्हींच्या सांध्यावर कर. १९९६ चा चकमा निर्वासितांचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आधी वाच, घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, परकीयालाही लागू होतं हे त्यात आहे. आणि मूटचं ते मेमोरियल, म्हणजे तुझा लेखी युक्तिवाद, रद्दीत घालू नकोस.