अ‍ॅडमच्या बागेतही माणसं मिळत नव्हती

मागच्या अंकात मी गोव्यातल्या ओसाड पडत चाललेल्या कुळागरांवर, म्हणजे झरीच्या पाण्यावरच्या पोफळीच्या बागांवर, अर्धं पान लिहिलं होतं आणि शेवटी सहज टाकलं होतं की प्रत्येक समाजाची एक हरवलेली बाग असते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. लांबलचक पत्रं कापली आहेत, रागावू नका.

प्रश्न: काका नमस्कार. आमचं अंत्रुजात (फोंडा भागात) कुळागर आहे, आजोबा होते तोवर नुसतं वैकुंठ होतं. आता आम्ही पाच चुलत भावंडं, दोघं मुंबईत, एक दुबईत. पाडेली (झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा) मिळत नाही, पाट मोडलाय, वरच्या अंगाच्या पोफळी वाळल्या, विकायचं चाललंय. मुलगी इंग्लिश लिटरेचर शिकते, ती म्हणाली बाबा हे तर 'पॅरडाइज लॉस्ट' झालं. ते काय असतं आणि आमच्या सुपाऱ्यांशी त्याचा खरंच काय संबंध? – एक वाचक, फोंडा

काका: मुलगी बरोबर बोलली, तिला वाटतं त्याहून जास्तच बरोबर बोलली. मिल्टन नावाचा इंग्रज कवी, डोळे गेलेले, तोंडी सांगायचा आणि दुसरे लिहून घ्यायचे, असं करत त्यानं हे महाकाव्य पुरं केलं, १६६७ साली छापलं. गोष्ट बायबलातलीच, देवानं ईडनची बाग लावली, अ‍ॅडम आणि ईव्हला तिथं ठेवलं, एक झाड सोडून सगळं खा म्हणाला, सापाच्या नादी लागून त्यांनी नेमकं तेच खाल्लं आणि बाहेर काढले गेले. एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण बाग गेली त्या दिवसाची सकाळ मिल्टननं कशी रंगवलीय ते मुलीला नवव्या सर्गात वाचायला सांगा. ईव्ह नवऱ्याला म्हणते, आपण दिवसभर छाटतो, बांधतो, आणि रात्रीत परत तेवढंच माजतं, दोघांच्यानं हे आवरणारं नाही, आणखी हात येईपर्यंत कामं तरी वाटून घेऊया, तू तिकडे जा मी इकडे जाते. अ‍ॅडम नको नको करतो आणि शेवटी जा म्हणतो, मग ती एकटी पडते आणि साप तिला गाठतो. म्हणजे स्वर्गातसुद्धा कामाला माणसं मिळत नव्हती हो! सकाळपासून पाडेलीची वाट बघत बसलेल्या माणसाला हा सर्ग प्रोफेसरपेक्षा लवकर कळेल.

आणि हे मिल्टनच्या डोक्यातून आलेलं नाही. बायबलात स्पष्ट आहे की अ‍ॅडमला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, आणि हे फळाच्या भानगडीच्या आधी. घाम आणि काटे ही शिक्षा नंतरची, काम पहिल्या दिवसापासून होतंच. म्हणून कुळागराला कुणी 'निसर्गाची देणगी' म्हटलं की मला जरा राग येतो. डोंगराच्या कुशीतली झर हेरायची, पाट काढायचा, खाली अननस, मध्ये केळी, वर पोफळ, पोफळीवर मिरवेल चढवायची, कडेला जायफळ आणि भिरंड (कोकम), हे आपोआप होत नाही, आणि दोन पावसाळे कोण फिरकलं नाही की रान परत घ्यायला येतं.

'पॅरडाइज' हा शब्दच मुळात कुंपणाचा. जुन्या इराणी भाषेत पइरि म्हणजे भोवती, आपलं 'परि', परिघ आणि परिसरातलं, आणि दएझ म्हणजे रचलेली भिंत. भिंत घातलेली जागा, बस, एवढाच अर्थ. इराणी राजांच्या अशा बागा ग्रीकांनी बघितल्या आणि शब्द उचलला, पुढे बायबल ग्रीकमध्ये आणताना ईडनला तोच लावला, आणि गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचा, स्वर्ग झाला. अरबीत तो फिरदौस, हिब्रूत पर्देस म्हणजे फळबाग. (आपल्या परदेसाशी त्याचं काही नातं नाही, पण दुबईच्या भावाला ऐकवून बघा.) गडगा पडला की आधी गुरं आत येतात, मग शेजारी, मग बिल्डर, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणि एक गंमत सांगतो. फळ खाल्ल्यावर लाज वाटून दोघं अंजिराची पानं शिवून नेसतात असं बायबलात आहे. मिल्टन म्हणतो ते आपलं खायचं अंजीर समजू नका, मलबारात आणि दख्खनमध्ये फांद्या जमिनीत रोवून वाढत जातं ते झाड. म्हणजे आपला वड! वर म्हणतो त्याची पानं ढालीएवढी, यावरून कळतं की स्वारीनं वड पुस्तकातच बघितला होता. ईव्हला पानाला पान टाचावं लागलं असणार, आपल्याकडे वडाच्या पानांची पत्रावळ लावतात तसं.

विकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आधी पाट दुरुस्त करून बघा, सगळ्यात स्वस्त काम तेच असतं.

प्रश्न: ही ईडनची गोष्ट मराठीत इंग्रजी शिक्षणानंतरच आली ना? – एक शिक्षिका, म्हापसा

काका: नाही बाई, मिल्टनच्या आधी आली, आणि आपल्याच दक्षिण गोव्यातल्या साष्टीत आली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्युइट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, चाळीस वर्षं इथंच राहिला, इथंच गेला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं, दहा हजारांवर ओव्या, सगळ्या मराठीत, फक्त लिपी रोमन. त्यात सृष्टीची उत्पत्ती आहे, अ‍ॅडम-ईव्ह आहेत, बाग जाणं आहे, सगळं ओवीत, आणि स्वर्गाला शब्द कुठला तर वैकुंठ. फुलांत मोगरी तशी भाषांत मराठी असं म्हणणारा तो हाच. हिशेब करा, मिल्टनच्या ५१ वर्षं आधी राशोलच्या आसपास कुणीतरी मोठ्यानं ओव्या वाचत होतं आणि लोक माना डोलवत ईडनमधून बाहेर पडत होते. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज मिळत नाही, पुस्तक टिकलं ते हातानं केलेल्या नकलांमुळे.

पण ऐकणारे कोण होते तेही डोळ्यांसमोर आणा. पन्नासेक वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी देवळं पाडलेली, जुनी पुराणं सुटलेली, निम्मे शेजारी नदीपलीकडे गेलेले. त्यांना बाग हरवणं म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलं नसणार.

आणि नदीपलीकडे गेले त्यांचं काय झालं? म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला आली. मंगेश कुठ्ठाळीचा, तो प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आपल्याकडे माणसांसोबत देवच बागेतून बाहेर पडले. अंत्रुज तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतं म्हणून जीव वाचवून इकडे. आज म्हार्दोळला जायांची (जाईच्या फुलांची) पूजा असते त्या दिवशी जाऊन बघा, जायांनी देऊळ मढवलेलं असतं, वास पार रस्त्यापर्यंत. वेर्णे गेलं, पण म्हार्दोळच्या आसपास लोकांनी जाया लावल्या, आणि आता म्हार्दोळच्या जायांशिवाय ती देवी डोळ्यांपुढे येत नाही. ईडनच्या गोष्टीत ही पुढची पायरी मला कुठं दिसत नाही.

प्रश्न: ते फळ सफरचंदच होतं का? आणि साप एवढा वाईट का दाखवतात? – दहावीतला एक विद्यार्थी, डिचोली

काका: बायबलात नुसतं 'फळ' आहे. सफरचंद युरोपवाल्यांनी घुसडलं, लॅटिनमध्ये मालुम म्हणजे सफरचंदही आणि वाईटही, त्यामुळे कोटी आयती मिळाली. दुसरा उमेदवार ऐकशील तर हसशील, केळं! लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये केळीला शास्त्रीय नाव दिलं ते मुसा पॅरडिसिआका, स्वर्गातली केळी. आणि सोळाव्या शतकातले पोर्तुगीज केळीलाच 'हिंदुस्थानी अंजीर' म्हणायचे, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधी झाडांच्या पुस्तकातसुद्धा हेच नाव आहे. नेसायला अंजिराच्या पानापेक्षा केळीचं पान केव्हाही बरं, हे मात्र माझं मत, परीक्षेत लिहू नकोस. सापाचं म्हणशील तर तो सगळीकडे व्हिलन नसतो. ग्रीकांच्या गोष्टीत सोन्याच्या सफरचंदांच्या झाडाला विळखा घालून नाग बसतो तो राखणीला, आणि आपल्याकडे तर रोयणीलाच (वारुळाला) सांतेर देवी म्हणून पुजतात, तिच्या आसऱ्याला नाग असला तर त्याला कोण हाकलतो?

प्रश्न: आपल्या धर्मात स्वर्ग हरवण्याची गोष्ट का नाही? – एक वाचक, कुडचडे

काका: आहे की, पण आपला स्वर्ग प्रीपेड आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात आहे, पुण्य संपलं की परत मृत्युलोकात. कुणी पाप केलं म्हणून हाकललं असं नाही, बॅलन्स संपला, उतरा खाली. ययाती म्हटलं की आपल्याला पुरूचं तारुण्यच आठवतं, महाभारतातला पुढचा भाग कुणी सांगत नाही. तो स्वर्गात पोचला, नंदनवनात हिंडला, आणि इंद्रानं विचारल्यावर म्हणाला की तपात माझ्या बरोबरीचा कोणीच नाही, या एका फुशारकीवर खाली पडला. पडला तो नेमका नातवंडांच्या मध्ये, मुलीच्या चार मुलांमध्ये, आणि त्यांनी आपापलं पुण्य देऊ केलं तेव्हा परत वर गेला. (फोंड्याच्या वाचकांनी हे चुलत भावंडांच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही.)

बॅलन्सवरून आठवलं, तुमच्याच बाजूच्या खाणपट्ट्यात खड्डे भूजलाच्या खाली गेले आणि वरच्या कुळागरांच्या झरी आटल्या, २०१२ मध्ये खाणी थांबल्या तोवर बऱ्याच ठिकाणी पाण्याचा जुना बॅलन्स उडालेला होता. तिथं कुळागरवाल्यानं ना फळ खाल्लं ना फुशारकी मारली.

प्रश्न: काका, तुम्ही लोक कुळागर कुळागर करून रडता. माझी आजी भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) कुळागरात सुपारी सोलायला जायची, आम्ही मुंडकार, त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. पडलेला नारळ उचलला तरी ओरडा खायला लागायचा. स्वर्ग तुमचा हरवला, आमचा होता कधी? – सावईवेऱ्याहून एक वाचक

काका: हे पत्र मी दोनदा वाचलं आणि मागच्या अंकातलं माझं अर्धं पान परत काढून वाचलं. त्यात झर आहे, पोफळी आहेत, माझे आजोबा आहेत, सुपारी सोलणारं एकही माणूस नाही. हरवलेल्या बागेची गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा मालकाचा नातू असतो, मीही तोच.

पडलेल्या नारळाचं लिहिलंत त्यावरून ईडनची गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली. बाग राखा, शिंपा, पण त्या झाडाला हात लावायचा नाही, लावलात तर आजच्या आज बाहेर. हा भाटकाराचाच नियम झाला की! १९७५ च्या मुंडकार कायद्याचं नावच बघा, घरातून बाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा. म्हणजे तोपर्यंत तुमच्या आजीला हाकलायला साप लागत नव्हता, भाटकाराचा मूड पुरे होता. आज कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून आम्ही मालक लोक हात चोळत बसतो, पण ती माणसं का गेली, कुठल्या ओरड्याला कंटाळून गेली, हे आम्ही कुणाला विचारलेलं नाही.

एक विनंती आहे. पाटाचं पाणी कुठल्या आळ्यात किती वेळ सोडायचं, सुपारी कधी उतरवायची, हे आजीला आमच्या आजोबांपेक्षा जास्त कळत असणार. ती जे सांगायची ते लिहून पाठवा, कापाकापी न करता छापतो, आणि ओरड्याचं पण लिहा.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलेली ती झर नक्की कुठे आहे? लोकेशन पाठवा ना, रील करायचीय. – पणजी

काका: चीनमध्ये ताओ युआनमिंग नावाचा कवी होता, पाचव्या शतकातला, त्याची एक छोटी गोष्ट आहे. एक कोळी होडीतून जाता जाता फुललेल्या पीचच्या राईत शिरतो, शेवटाला डोंगरात एक चिंचोळं भोक, त्यातून आत गेला तर शेतं, तळी, कोंबड्या, हसरी माणसं. पूर्वी कधीतरी राजवटीच्या जाचाला कंटाळून त्यांचे पूर्वज इथं येऊन राहिलेले, बाहेर कुठलं राज्य चालू आहे याचाही त्यांना पत्ता नाही. चार दिवस त्याला जेवूखाऊ घालतात आणि निघताना एवढंच म्हणतात, बाहेर कुणाला सांगू नकोस. हा परतीच्या वाटेवर जागोजागी खुणा करत येतो आणि सरळ सरकारी अधिकाऱ्याकडे जाऊन सांगतो. माणसं पाठवतात, खुणा शोधतात, वाट परत कुणालाच सापडत नाही.

तेव्हा लोकेशन काही पाठवत नाही.