सतार ठेवून कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : मी मिरजेचा, वय अडतीस. लहानपणापासून सतार वाजवतो, घरी शिकवण्या घेतो. हल्ली माहितीपट करायची ओढ लागली आहे. त्यातच एका महाविद्यालयाने संगीत शिकवायला बोलावलंय. घरचे म्हणतात, फिल्मच्या नादी लागलास तर इतक्या वर्षांची साधना पाण्यात जाईल. काय करू?
– एक सतारवादक

उत्तर : घरच्यांना आधी भास्कर चंदावरकरांविषयी सांगा. पंडित रविशंकरांचे शिष्य, हाडाचे सतारिये. १९६५ पासून सुमारे पंधरा वर्षं ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्याच काळात, १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाचं संगीत झालं, १९७५ मध्ये ‘सामना’ चित्रपटाचं. पुढे १९८२ मध्ये त्यांनी ‘अत्याचार’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. शिकवणं आणि निर्मिती त्यांच्याकडे हातात हात घालून चालली. म्हणून महाविद्यालयाला होकार कळवा. दरमहा पगार आला की पहिली फिल्म कुणाच्या मर्जीवर करावी लागणार नाही.

मी आयुष्यभर चित्रपटांचं संकलन केलं आणि शिकवलं. वादक फिल्मकडे वळले की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कट मारतात, हे सतत पाहत आलोय. सम आली की हात थांबतच नाही! पण माणसाचा चेहरा तालात बोलत नसतो. त्याचं बोलणं संपल्यावरही त्याच्यावर थोडं थांबावं लागतं. दुसरा मोह, रिकामी जागा दिसली की सूर भरायचा. माझ्या एका तबलावादक विद्यार्थ्याने म्हातारी दार लावून घेते त्या दृश्याला सारंगी लावली होती. ती काढून टाकली तेव्हा कडीचा आवाज आला, मागोमाग शेजारच्या कुकरची शिट्टी. ती बाई घरात एकटी आहे, हे तेव्हा कुठे कळलं.

तुमचा कान हेच तुमचं भांडवल, आणि विषय तर तुमच्या दारात आहे. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यावर नक्षी काढणारे हात कुणीही चित्रित करील. तुम्ही जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवणं, चित्रित करा. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, हलकेच कानस फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा कानस. तार नेमकी कधी ‘खुलली’, हे तुम्हाला त्याच्याइतकंच कळतं. तिथे कॅमेरा बंद करू नका आणि पार्श्वसंगीत तर अजिबात नको.

पैसे बेताचे असतील तर कॅमेरा मोबाइलचाच चालेल, माइक मात्र चांगला घ्या. अभ्यासक्रम करायचाच तर आधी ध्वनिमुद्रणाचा करा, दिग्दर्शनाचा नंतर. आणि सकाळचा रियाज कोणत्याही शूटिंगसाठी चुकवू नका. घरच्यांची भीती त्यानेच जाईल.