वेट राइजर की डाउनकमर?

प्रश्न : आमच्या पंधरा मजली इमारतीत जिन्यालगत आग विझवण्यासाठीचा लाल उभा पाइप आहे. नकाशात त्याला ‘डाउनकमर’ म्हटलंय, देखभालीचे लोक ‘वेट राइजर’ म्हणतात. नेमका फरक काय?

उत्तर : जिन्यात उभं राहून तो कळणार नाही. रंग तोच, दर मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्ह (होज म्हणजे पाण्याची नळी जोडायची तोटी) आणि होज रीलही तीच. पाणी कोणत्या टोकाने शिरतं, हे पाहावं लागतं. वेट राइजरमध्ये तळाच्या टाकीतलं पाणी पंप वर चढवतो आणि पाइप कायम दाबाखाली भरलेला राहतो. डाउनकमरला पाणी गच्चीवरच्या टाकीतून मिळतं. गच्चीवर जाऊन बघा : पाइप हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या एअर रिलीज व्हॉल्व्हपाशी संपत असेल तर तो राइजर, टाकीतून निघून दाब वाढवणाऱ्या बूस्टर पंपामार्गे खाली उतरत असेल तर डाउनकमर. वर-खाली दोन्हीकडे पंप असतील तर व्यवस्था संयुक्त आहे.

दाबाचं गणित दोन्हींत वेगळं. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकीचा तळ ४५ मीटरवर धरला, तर डाउनकमरच्या तळमजल्यावरच्या व्हॉल्व्हला पंप बंद असतानाही सव्वाचार बार मिळतात. सर्वांत वरच्या मजल्याला मात्र जेमतेम पाव बार, एवढ्यात नोझलमधून फवारा उडत नाही. म्हणजे बूस्टर पंप बिघडला की पहिले उघडे पडतात ते वरचे मजले. राइजरमध्ये वर ३.५ बार हवे असतील तर पंपाला उंचीचे साडेचार धरून ८ बार, शिवाय पाइपमधल्या घर्षणापुरते वेगळे द्यावे लागतात. मग खालच्या मजल्यांवर होज आवरत नाही. तिथे दाब कमी करणारी व्यवस्था हवीच.

डाउनकमरमध्ये सर्वांत घातक बिघाड बूस्टर पंपापाशीच्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हचा. तो उघडा अडकला किंवा उलटा बसवला असेल, तर अग्निशमन दलाने खालच्या इनलेटमधून सोडलेलं पाणी थेट गच्चीच्या टाकीत जातं, टाकी वाहू लागते आणि होजला दाब मिळत नाही. दुसरं म्हणजे टाकी. आगीसाठीचं आणि वापराचं पाणी एकाच टाकीत असेल तर वापराचा आउटलेट राखीव पातळीच्या वर काढलेला असावा. तो तळाशी असला तर ऐन वेळी टाकी रिकामी सापडू शकते.

राइजरमध्ये जॉकी पंपाकडे, म्हणजे पाइपमधला दाब टिकवून ठेवणाऱ्या छोट्या पंपाकडे लक्ष ठेवा. कुणी पाणी वापरत नसताना तो सारखा चालू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे : एखादा लँडिंग व्हॉल्व्ह ठिबकतोय किंवा पंपाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय.

चाचणी दोन्हींची वरच्या मजल्यावरच घ्या. होज आणि नोझल जोडून व्हॉल्व्ह उघडा. पंप आपोआप चालू होणारा असेल तर कुणी बटण न दाबता तो सुरू झाला पाहिजे, आणि पाणी वाहत असताना गेजचा काटा टिकला पाहिजे. नुसता भरलेल्या पाइपवरचा आकडा वाचून समाधान मानू नका. सक्शनचा, म्हणजे पंपाकडे पाणी येण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असला तरी हा आकडा छानच दिसतो.