डोळ्याच्या मागच्या पडद्याला फाट आहे पण दुखत नाही, लेझर बहिणीच्या लग्नानंतर केलं तर चालेल का?

थांबू नका. उद्याच करून घ्या.

तुम्ही ऐरोलीला राहता, चष्म्याचा नंबर उणे नऊ. उजव्या डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके आणि चमका आल्या म्हणून दाखवलं, तर पडद्याला घोड्याच्या नालेसारखी फाट निघाली. डॉक्टर लगेच लेझर म्हणतायत आणि तुम्ही पुढच्या रविवारचं बहिणीचं लग्न उरकून मग बघू म्हणताय, कारण दुखत नाही आणि दिसतंयही स्वच्छ.

दुखणार नाहीच. पडद्याला वेदना कळत नाही. याच समजुतीत मी माझ्या डाव्या डोळ्याचं कायमचं नुकसान करून घेतलं, म्हणून इतक्या कळकळीने लिहितेय.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते, नंबर उणे आठ. सहा वर्षांपूर्वी पेपर तपासताना डाव्या डोळ्यासमोर राख उधळल्यासारखे ठिपके आले. रात्री दिवा घालवून कूस बदलली की कडेला वीज चमकायची. जवळच्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी बाहुली मोठी करून पडदा बघितलाच नाही, डोळ्यांवर ताण आहे म्हणून थेंब दिले. मीही निकाल लागू देत म्हणून बसले. नवव्या दिवशी राम मारुती रोडला रिक्षातून उतरताना नाकाच्या बाजूने खालून एक करडी सावली वर चढलेली दिसली. दुसऱ्या संध्याकाळी समोर बसलेल्या आईचा चेहरा त्या सावलीत गेला होता. पडदा मधोमध, जिथे नजर सर्वात तीक्ष्ण असते तिथपर्यंत सुटला होता.

मग लेझरने भागत नाही, मोठं ऑपरेशन लागतं. डोळ्यातली जेली काढून गॅस भरला, आठवडाभर मान खाली घालून राहिले. गॅस विरेपर्यंत विमान नाही आणि घाट चढून महाबळेश्वरही नाही, कारण उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. पडदा बसला. पण फळ्यावर मी पट्टीने ओढलेली सरळ रेघ त्या डोळ्याला आजही मध्ये वाकलेली दिसते.

दोन वर्षांनी तलावपाळीला फिरताना उजव्या डोळ्यात तेच ठिपके आले. त्याच संध्याकाळी गेले. फाट होती, पण पडदा जागेवर होता. थेंब घालून डोळा बधिर केला, हनुवटी टेकवायला लावली आणि जेल लावलेलं एक भिंग डोळ्यावर धरलं. मग हिरवे झटके, एकामागोमाग एक. कडेच्या काही ठिकाणी दाढेतून कळ यावी तसं झालं, बाकी काही नाही. पंधरा मिनिटांत बाहेर. थोडा वेळ सगळं गुलाबी दिसत होतं, मग तेही निवळलं.

हे लेझर नंबर घालवायच्या लेझरसारखं नाही. ते बुबुळावर होतं, हे मागच्या पडद्यावर. नंबर तोच राहतो. (नंबर काढून घेतला असता तरी फाटीचा धोका टळला नसता, कारण मोठ्या उणे नंबरचा डोळा आतून लांबट असतो आणि तो लांबटच राहतो.) डॉक्टर फाटीवर मारत नाहीत, तिच्याभोवती दोन-तीन ओळींत टिपके देतात. तिथे बारीक व्रण होऊन पडदा खालच्या थराला धरून राहतो, म्हणजे फाटीतून पाणी शिरून तो उचलला जात नाही. मुलांना मी हे भिंगाने कागद जाळून दाखवते, कारण सुरुवात खरंच तशी झाली. १९४९ च्या सुमारास जर्मनीत मायर-श्विकेराथ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेझर नसताना सूर्याचा प्रकाश आरशांनी वळवून रुग्णाच्या पडद्यावर सोडला होता.

आता तुमच्या रविवारचं. व्रण पक्का व्हायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. उद्या केलंत तर लग्नापर्यंत तो बराच धरलेला असेल. नाही केलंत तर फाट तशीच उघडी घेऊन मांडवात उभे राहाल. वरातीत नाचू नका, सामान उचलू नका, बाकी काय टाळायचं ते डॉक्टरांना विचारा. लेझरनंतरही ठिपके वाढले किंवा कुठूनही सावली आली तर अक्षता पडायची वाट न बघता तिथूनच निघा.

उद्या कुणाला तरी बरोबर न्या, बाइक घरी ठेवा. बाहुली चार-पाच तास मोठी राहते, ऐरोली पुलावर समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होणार नाहीत. आणि डाव्या डोळ्याचा पडदाही कडेपर्यंत नीट बघितलाय का, ते विचारा. नसेल तर त्यातही थेंब घालून उद्याच बघून घ्यायला सांगा.