वार्धक्याचा खर्च मांडण्यापूर्वी : एका तरुण संशोधकास पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा सावकाश वाचला. युरोपातील लोकसंख्येचे वाढते वय, पिढ्यांमधील देवघेव आणि कल्याणकारी राज्याचे भवितव्य हा विषय तू निवडलास, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पहिल्याच परिच्छेदात तू वृद्धांचा भार किती वाढणार याचे गणित मांडले आहेस आणि पुढची सगळी प्रकरणे त्या एका गणितावर उभी केली आहेस. त्याविषयीच सविस्तर लिहिते, कारण पाया आत्ता तपासला तर पुढची वर्षे सत्कारणी लागतील.

२० ते ६४ या वयातील शंभर माणसांमागे ६५ वर्षांवरील किती, हे अवलंबित्वाचे गुणोत्तर तू जसेच्या तसे घेतले आहेस. युरोपीय संघातील ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण २०२३ च्या आरंभीच २१ टक्क्यांच्या पुढे गेले होते, त्यामुळे हे गुणोत्तर चढते दिसणारच. परंतु ६५ ही सीमा निसर्गाने आखलेली नाही. जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळातील १८८९ च्या कायद्यात वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन वयाच्या सत्तराव्या वर्षी मिळत असे. ते ६५ वर आले १९१६ मध्ये. डेन्मार्कच्या संसदेने २०२५ मध्ये निवृत्तीचे वय २०४० पर्यंत पुन्हा सत्तरावर नेण्याचा कायदा संमत केला. वॉरन सँडरसन आणि सर्गेई शेर्बोव्ह या लोकसंख्या-अभ्यासकांनी जन्मापासूनच्या वर्षांऐवजी उरलेल्या सरासरी आयुष्यावरून वार्धक्य मोजण्याची पद्धत मांडली आहे, आणि त्या मापाने युरोप बराच कमी वेगाने म्हातारा होताना दिसतो. दोन्ही मापे शेजारी ठेव आणि तुझ्या प्रश्नाला कोणते लागू पडते, ते स्पष्ट लिही.

याहून महत्त्वाची बाब आपण कोणता हिशेब मोजतो आणि कोणता सोडतो, ही आहे. इथे जर्मनीचा इतिहास मुळापासून वाचावास, असा माझा आग्रह आहे. विल्फ्रिड श्रायबर या अर्थतज्ज्ञाने १९५५ मध्ये मांडलेल्या योजनेत कमावत्या पिढीने दोन दिशांना द्यायचे होते : वृद्धांना निवृत्तिवेतन आणि मुलांना बालपणाचे वेतन. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या सरकारने १९५७ मध्ये जी सुधारणा केली, तिच्यात कमावत्यांच्या चालू वर्गणीतून वृद्धांना वेतन देण्याची आणि ते वेतन मजुरीच्या वाढीशी जोडण्याची तरतूद आली. मुलांचा अर्धा भाग मात्र वगळला गेला. बालभत्ता १९५५ पासून होता, पण तो केवळ तिसऱ्या अपत्यापासून पुढे मिळे. याचा परिणाम असा की म्हातारपणाचा खर्च समाजाने वाटून घेतला आणि मूल वाढवण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात आईवडिलांकडेच राहिला. प्रत्यक्षात उद्याची वर्गणी भरणारी माणसे तीच मुले होती.

ही विसंगती जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००१ मध्ये नेमकी पकडली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात, मुले वाढवणारा सदस्य पैसा तर देतोच, शिवाय उद्याचा वर्गणीदारही घडवतो. मग त्याच्याकडून आणि निपुत्रिकाकडून सारखीच वर्गणी घेणे घटनेशी सुसंगत नाही, असा निर्णय झाला. २००५ पासून निपुत्रिकांवर उत्पन्नाच्या पाव टक्क्याचा अधिभार आला. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने मुलांच्या संख्येचाही विचार करायला सांगितले, तेव्हा जुलै २०२३ पासून अधिभार ०.६ टक्के झाला आणि दुसऱ्या ते पाचव्या अपत्यामागे, ते पंचवीस वर्षांचे होईपर्यंत, सवलत मिळू लागली. पण त्याच निकालात निवृत्तिवेतन आणि आरोग्य विम्यासाठी असा भेद करणे घटनेने बंधनकारक ठरत नाही, असेही म्हटले आहे. तिथे मुलांचा विचार वेगळ्या मार्गाने होतो : निवृत्तिवेतनात बालसंगोपनाची वर्षे जमेस धरली जातात आणि आरोग्य विम्यात कुटुंबाला मोफत संरक्षण मिळते. हे निकाल पूर्ण वाच. पिढ्यांमधील देवघेवीचे इतके काटेकोर विवेचन अर्थशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचित आढळते, आणि अपत्य नसलेल्या माणसावर अन्याय होतो का, या प्रश्नाचे तुझे स्वतःचे उत्तरही तुला त्यातूनच घडवावे लागेल.

सरकारी जमाखर्चापलीकडे जाण्याचे साधन आता उपलब्ध आहे. रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन या अर्थतज्ज्ञांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या राष्ट्रीय हस्तांतर लेख्यांत प्रत्येक वयाचे उत्पन्न आणि उपभोग मांडतात आणि त्यांतील तूट शासन, कुटुंब की स्वतःची मालमत्ता भरून काढते, ते पाहतात. त्यांची कार्यपुस्तिका संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये प्रकाशित केली. या लेख्यांना बिनपगारी घरकामाच्या वेळेची जोड दिली की चित्र पालटते. रॉबर्ट गाल, पीटर वानहाउस आणि लिली वार्गा यांनी २०१८ मध्ये दाखवले की युरोपातील शासने वृद्धांकडे झुकलेली दिसत असली, तरी कुटुंबाचा पैसा आणि वेळ मोजल्यावर दर मुलामागे वृद्धाच्या दुपटीहून अधिक संसाधने जातात. तुझ्या आराखड्यातील 'वृद्धांनी तरुणांचा वाटा घेतला' हे विधान या निष्कर्षासमोर टिकते का, ते तूच तपास. वेळेला पैशाचे मूल्य कोणत्या मजुरीने लावले यावर आकडा हलतो, म्हणून दोन-तीन दरांनी मोजणी करून पाहणे अनिवार्य समज. हा वेळ बहुतांशी स्त्रियांचा असतो, तेव्हा स्त्री-पुरुषांचे रकाने एकत्र करू नकोस.

कुटुंबातला पैसा कुठे वाहतो, यासाठी २००४ पासून पन्नाशीपुढील युरोपीयांची वारंवार पाहणी करणारा 'शेअर' हा सर्वेक्षणसंच वापर. पैसा प्रामुख्याने आईवडिलांकडून प्रौढ मुलांकडे, म्हणजे वरून खाली उतरतो. उत्तर युरोपात असे देणारे अधिक, तर दक्षिणेत देणारे कमी, पण देणे अधिक भारी.

आता पद्धतीतील एक धोका, ज्याची मला सर्वाधिक चिंता वाटते. एका वर्षाच्या आडव्या छेदावरून कोणत्या पिढीला आयुष्यभरात काय मिळाले, हे ठरवता येत नाही. स्वीडन आणि इटली यांनी १९९० च्या दशकात जवळजवळ एकच सूत्र स्वीकारले : प्रत्येकाच्या नावे कागदोपत्री खाते, त्यात वर्गणीची नोंद आणि निवृत्तीच्या वेळी उरलेल्या सरासरी आयुष्याप्रमाणे वेतन. स्वीडनमध्ये वर्गणी उत्पन्नाच्या १८.५ टक्के, त्यांतील १६ टक्के या खात्यात आणि २.५ टक्के गुंतवणुकीत. १९३८ ते १९५३ या काळात जन्मलेल्यांना नवी पद्धत पायरीपायरीने लागू झाली आणि १९५४ व त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्णपणे. शिवाय जमा आणि देणी यांचा तोल ढळला की निवृत्तांच्या वेतनालाही कात्री लावणारी यंत्रणा होती. ती २०१० मध्ये खरोखर चालली. इटलीत १९९५ च्या सुधारणेतून ज्यांची अठरा वर्षांची वर्गणी आधीच भरून झाली होती, त्यांना वगळले गेले. ज्या देशात १९७३ च्या नियमांनी काही सरकारी कर्मचारी पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होऊ शकत होते, तिथे बदलाची किंमत नंतर कामाला लागलेल्यांवर ढकलली गेली. २०११ नंतरच पुढील वर्षांपुरते नवे सूत्र सर्वांना लागू झाले. वृद्धत्व दोन्हीकडे होते, सूत्रही सारखे होते, पण संक्रमणाच्या कलमांनी पिढ्यांचे नशीब वेगळे केले. म्हणून वयोगटाबरोबर जन्मवर्षाचा रकाना हवा, आणि कायद्यातील संक्रमणाची कलमे तुझ्या विश्लेषणाच्या केंद्रस्थानी हवीत.

इटलीवर लिहिताना घरोघरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या युक्रेन, रुमानिया आणि मोल्दोव्हा इथल्या स्त्रियांना विसरू नकोस. त्यांची स्वतःची मुले आणि आईवडील मायदेशी दुसऱ्या कुणाच्या आधारावर राहतात. ही देवघेव देशाच्या सीमेवर थांबणाऱ्या लेख्यांत पुरती उमटत नाही, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोठी पोकळी हीच आहे.

शेवटच्या प्रकरणात महाराष्ट्राशी तुलना करण्याचा तुझा मानस आहे. ती तूर्त बाजूला ठेव. आपल्याकडे बहुसंख्य वृद्धांनी आयुष्यभर असंघटित क्षेत्रात काम केलेले असते आणि २००७ च्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे; जर्मनीत २०२० पासून वर्षाला एक लाख युरोंपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या मुलांकडूनच असा खर्च मागता येतो. इतक्या भिन्न व्यवस्थांची तुलना एका प्रकरणात उरकली, तर दोन्हींवर अन्याय होईल.

सध्या एकच देश घे. जर्मन येत असल्याने जर्मनी उत्तम. वयाच्या प्रत्येक टप्प्यासमोर शासनाकडून आलेला पैसा, कुटुंबाकडून आलेला पैसा आणि कुटुंबाने दिलेला वेळ असे तीन रकाने, स्त्रिया आणि पुरुष स्वतंत्र, एवढा तक्ता आधी तयार करून पाठव. गुणोत्तरांचे प्रकरण त्यानंतर लिहायला घे.

कळावे, लोभ असावा.

तुझी मार्गदर्शक