आधी ‘टी’ बघा, मिलिअँपचं मग

प्रश्न : सोसायटीच्या गणपतीच्या मखराला डब्ल्यूएस२८१२बी ची (प्रत्येक दिव्याचा रंग डेटाने ठरणारी) एलईडी पट्टी लावलीय, ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालते. घरी टेबलावर झकास, पण मंडपात चार मीटर वायर टाकली की मधेच भलतेच रंग येतात. तापकीर गल्लीतून ७४एचसी२४५ ही बफर चिप (सिग्नल जोरदार करून पुढे पाठवणारी) आणून मधे टाकली, फार फरक नाही. दुकानदार म्हणतो जास्त करंटवाली फास्ट चिप घ्या. कुठली घेऊ? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : दुकानदार अर्धा बरोबर आहे हो. पण आधी हे बघा, पट्टीचा खरा करंट सप्लायच्या जाड वायरीतून जातो, बफरमधून जातो तो नुसता डेटा, त्यामुळे मिलिअँपच्या मागे नंतर लागू.

घोळ अक्षरांचा आहे. एचसी चिपला ५ व्होल्टवर ‘वन’ (डेटातला १) कळायला डेटाशीटप्रमाणे, म्हंजे कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे, ३.५ व्होल्ट लागतात आणि ईएसपी३२ देतो जेमतेम ३.३. तरी कधीकधी चालतं, कारण प्रत्यक्षात चिप अडीचच्या आसपासच पलटते, म्हंजे नशिबावर चाललेलं, मंडपात पट्टीच्या करंटने ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) थोडं हललं की संपलं. नावात ‘टी’ असलेली एचसीटी घेतली की २ व्होल्टलाच ‘वन’ समजतं. पायांची रचना तीच, जुनी काढा नि ही बसवा.

आता करंट. एचसी किंवा एचसीटी२४५ चा एक पाय ६ मिलिअँप, ७४एएचसीटी१२५ (हीपण ‘टी’वाली बफर) चा ८, आणि ७४एसीटी२४५ चा थेट २४. डेटाशीटमधे एचसीला ३५ दिसतील, ती मोडायची हद्द आहे, वापरायची नाही. मग एसीटीच घेऊ का? मी तरी नाही घेणार. तिच्या सिग्नलची कड (शून्यावरून ‘वन’वर जाणं) दोन-तीन नॅनोसेकंदात चढते, चार मीटरला सिग्नल जाऊन यायलाच चाळीसेक लागतात, मग तो टोकावरून आपटून परत येतो नि पट्टीला एकाचे दोन पल्स दिसतात. डेटा फक्त ८०० किलोहर्ट्झचा, एवढी घाई कशाला. एसीटी ठेवा बऱ्याच पट्ट्या किंवा जड लोड एकदम हाकायचा असेल तेव्हा. (युएलएन२८०३ चिप कुणी सुचवली तर नको, ती आउटपुट फक्त ग्राउंडकडे खाली ओढते, वर ढकलत नाही.)

तर एएचसीटी१२५ घ्या, ईएसपी३२ च्या शेजारीच लावा, सप्लायच्या पायाला चिकटून १०४ चा (म्हंजे ०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर, रिकामे इनपुट ग्राउंडला, आणि आउटपुटला लगेच ६८ किंवा ८२ ओहमचा रेझिस्टर. २४५ च ठेवायची असली तर एचसीटीवाली आणा आणि १९ नंबरचा पाय (चिप चालू-बंद करणारा) ग्राउंडला जोडलाय ना ते बघा, तो लोंबकळत राहिला की चिप मनाला येईल तेव्हा चालू-बंद होते, मी स्वतः यात एक अख्खी रात्र घालवलीय.

वायर म्हणाल तर घरात पडलेली जुनी लॅनची केबल काढा, तिच्यातली एक पिळलेली जोडी घ्या, एक तार डेटाला नि तिची जोडीदार ग्राउंडला.