वाचकांचे प्रश्न : भाच्याला मिशनच्या आयटीआयमध्ये घालावे का?

प्रश्न : थोरली बहीण वारल्यापासून तिचा मुलगा आमच्याकडे गोवंडीला असतो. यंदा तो दहावी झाला, पण गणितात अगदी काठावर. यजमान नाक्यावरून मिस्त्रीच्या हाताखाली जातात, मी घरी शिवणकाम करते. कुर्ल्याला फादर लोकांच्या संस्थेत वेल्डिंग आणि इलेक्ट्रिकचे काम शिकवतात, असे शेजारणीने सांगितले. सासूबाईंना वाटते की तिथे गेला तर पोरगा आपला राहणार नाही. त्याला अकरावीला घालावे की तिकडे पाठवावे?
— एक वाचक भगिनी, गोवंडी

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या शंकेचे बोलू, कारण ती मिटल्याशिवाय घरात पुढचे कोणी ऐकून घेणार नाही. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८ सांगते की, शासनमान्य किंवा शासकीय मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. भिंतीवर क्रूस असेल, डिसेंबरात नाताळचा गोठा सजेल, तेवढे त्याच्या नजरेस पडेलच. त्याहून पुढे कोणी सक्तीने नेऊ लागले तर तुम्ही नाही म्हणू शकता.

कुर्ल्याची डॉन बॉस्को संस्था ज्या सालेशियन या कॅथलिक धर्मसंघाची आहे, त्याचे मूळही सासूबाईंना सांगण्याजोगे आहे. इटलीतील तुरीन शहरात खेड्यांतून आलेली पोरे गवंड्यासुतारांच्या हाताखाली राबत असत. १८५० नंतरच्या एकदोन वर्षांत योहान बॉस्को या पाद्र्याने त्यांच्या मालकांशी लेखी करार करायला सुरुवात केली : मालकाने धंदा नीट शिकवावा, हात उगारू नये, सुट्टी द्यावी. १८५३ मध्ये त्यांनी आपल्याच आवारात चांभारकाम आणि शिवणकाम शिकवायला घेतले. संघाची स्थापना १८५९ ची. त्याचे लोक भारतात, तंजावरला, आले ते १९०६ मध्ये. (असा कागद आपल्या नाक्यांवर आजही कोणाच्या हाती पडत नाही, हे तुमच्या यजमानांना सांगायला नकोच.)

आता तुम्ही न विचारलेले, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते. एकाच फाटकाच्या आत दोन प्रकारचे कोर्स चालू असू शकतात. एक, आयटीआयचा राष्ट्रीय प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम. दुसरा, संस्थेचा स्वतःचा तीन किंवा सहा महिन्यांचा वर्ग. दुसरा वाईट असतो असे नाही, हाताला काम लवकर लागते. पण सरकारी भरतीत किंवा मोठ्या कारखान्याच्या शिकाऊ उमेदवारीत पहिल्याचाच कागद मागतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाने एका संस्थेतून सहा महिन्यांचा कोर्स केला, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले, आणि ते चालत नाही हे त्याला मुलाखतीच्या टेबलासमोर कळले. म्हणून चौकशीच्या खिडकीवर पहिला प्रश्न हाच करा : अखेरची परीक्षा कोण घेते आणि प्रमाणपत्र कोणाचे मिळते?

अर्जावर 'वीजतंत्री' आणि 'संधाता' असे शब्द दिसतील. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, संधाता म्हणजे वेल्डर. वीजतंत्रीला दहावी लागते, मुदत दोन वर्षांची, आणि गणिताची भीती असेल तर तिथे ती पुन्हा भेटते. संधाता एका वर्षाचा आहे. दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, तेव्हा पुढचे शिक्षण बंद होते ही समजूत सोडून द्या. मुलाचा हात कशात बसतो ते मात्र कागदावरून समजणार नाही. त्याला घेऊन एक सकाळ कार्यशाळेत उभ्या राहा.

मी अशाच एका कार्यशाळेत पाहिलेले सांगतो. एका मुलाचा रॉड पत्र्याला सारखा चिकटत होता. शिक्षक काही बोलले नाहीत. मागून येऊन त्यांनी त्याचे मनगट धरले, रॉड थोडा तिरका केला आणि ठिणगी धरल्यावर सोडून दिले. मग मुलाने हातोडीने वरची खपली उडवली. खाली वेल्डची रेघ निघाली, निम्मी सरळ, निम्मी फुगलेली. शिक्षकांनी तिथे खडूने खूण केली आणि दुसरा रॉड पुढे केला. वेल्डिंग येते ते असे रॉड जाळून, आणि पैशाची ओढाताण असलेली संस्था पहिली कात्री लावते ती रॉड आणि पत्र्यालाच. तेव्हा मुलांनाच हळूच विचारा, एकेकाला दिवसाला किती रॉड मिळतात. माहितीपत्रकात हे छापलेले नसते.

शुल्काबाबत एवढेच की, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली जागा आणि संस्थेच्या कोट्यातली जागा यांत सवलतीच्या दृष्टीने फरक पडू शकतो; पैसे भरण्याआधी विचारून घ्या आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

खरी भीती मला दिवाळीची वाटते. तोवर बरोबरीचा कोणीतरी पार्सल पोचवून नवा फोन घेतो, घरातही हात आखडलेला असतो, आणि पोरगा म्हणतो, मीही जातो. गोवंडीहून कुर्ला हार्बरवर तिसरेच स्टेशन आहे आणि विद्यार्थ्याला पास सवलतीत मिळतो. पण डबा, बूट आणि घरात न येणारी मजुरी यांचा हिशेब यजमानांबरोबर आत्ताच मांडा. दोन वर्षे निभणार नसतील तर एका वर्षाचा संधाता घ्या. कोर्स संपल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते.

प्रश्न : माझ्या मुलीला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. मिशनच्या संस्थेत मुलींना शिवणकामच देतात का?
— एक पालक, बोरिवली

उत्तर : वीजतंत्रीच्या प्रवेशाला मुलगी असणे आड येत नाही. तुमच्याच भागात माउंट पॉइसरला सेंट फ्रान्सिसचे आयटीआय आहे. तिथे आणि जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये, दोन्हीकडे चौकशी करा. जाल तेव्हा त्या ट्रेडच्या वर्गात आज किती मुली आहेत आणि कार्यशाळेच्याच मजल्यावर मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हे स्वतः पाहून या. मुलीला बरोबर न्या. ती तुमच्यापेक्षा बारकाईने पाहील.